घोडा कुठे पुरला, आठवत नाही

लंडनमध्ये चेल्सीला, रॉयल हॉस्पिटल रोडवर, नॅशनल आर्मी म्युझियम आहे. तिथं एका घोड्याचा सांगाडा उभा करून ठेवलाय. घोड्याचं नाव मारेंगो, धनी नेपोलियन बोनापार्ट. तो पाहिल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो इतिहासाचा नव्हता. मनात आलं, एवढासा? खांद्यापाशी जेमतेम पावणेपाच फूट. शाळेच्या पुस्तकातला नेपोलियन मागच्या पायांवर उधळलेल्या पांढऱ्याशुभ्र अश्वावर बसलेला, झगा वाऱ्यावर, बोट आल्प्सच्या शिखराकडे. ते चित्र दाविदनं रंगवलं. प्रत्यक्षात १८०० च्या मे महिन्यात नेपोलियननं आल्प्स ओलांडला तो खेचरावर बसून. त्यामुळे हा बुटका सांगाडा पाहून फसवणूक झाल्यासारखं वाटायचं कारण नव्हतं. चित्रातच गफलत होती.

मारेंगोची कथा अशी सांगतात: जातीचा अरबी, रंगानं सब्जा म्हणजे करडा-पांढरा, इजिप्तच्या मोहिमेत १७९९ साली हाती लागला. १४ जून १८०० ला इटलीत मारेंगोची लढाई झाली, त्यावरून नाव पडलं. ऑस्टरलिट्झ, जेना, वाग्राम आणि शेवटी वॉटर्लू, एवढ्या लढायांत सम्राट त्याच्या पाठीवर होता. आठ वेळा जखमी झाला, तरी टिकला.

कथा छान आहे. अडचण एवढीच की नेपोलियनच्या शाही पागेच्या नोंदवह्यांत मारेंगो नावाचा घोडाच नाही. त्या वह्या चोख ठेवलेल्या असत. घोडे होतेही भरपूर, कारण नेपोलियन दिवसाला दोन-तीन घोडे दमवायचा आणि त्याची बैठक, खऱ्या स्वाराच्या नजरेनं पाहिलं तर, यथातथाच होती. म्हणून त्याच्या स्वारीसाठी निवडलेल्या घोड्यांना आधी तयार करावं लागे. कानाशी बंदुका उडवायच्या, ढोल बडवायचे, पायांत कुत्री नि डुकरं सोडायची. एवढं होऊनही जो बुजला नाही तो धन्याच्या खाली. मारेंगो हे अशाच एखाद्या अरबी घोड्याचं टोपणनाव असावं असं अभ्यासक म्हणतात. चेल्सीतला घोडा खरा आहे, हाडं खरी आहेत. नाव मात्र त्याच्यावर बाहेरून बसलेलं असावं.

यात हसण्यासारखं काही नाही. आपल्या चेतकचं तसंच आहे. हळदीघाटीच्या काळच्या कागदांत राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव येत नाही, ते नंतरच्या राजस्थानी काव्य-कथांनी दिलं. म्हणून चेतक खोटा ठरला का? नाही. त्याची समाधी आहे, पोवाडे आहेत, आणि आकुर्डीच्या कारखान्यातून त्या नावाची स्कूटर निघाली तिच्यावर तर निम्म्या महाराष्ट्राची लग्नं जमली. घोड्याला नाव लोक देतात आणि ते बहुधा घोडा गेल्यावरच देतात.

तर मारेंगो. १८ जून १८१५ च्या संध्याकाळी वॉटर्लूला फ्रेंच फौज फुटली. नेपोलियन आधी बग्गीतून आणि मग घोड्यावरून निसटला. मागे राहिलेल्या घोड्यांतला हा एक इंग्रजांच्या हाती लागला. पीटर घराण्यातल्या एका उमरावानं त्याला इंग्लंडला आणलं आणि पुढं ग्रेनेडियर गार्ड्समधल्या अँगरस्टीन नावाच्या अधिकाऱ्याला विकलं. हे अँगरस्टीन घराणं मोठं नामी. थोरल्या अँगरस्टीननं जमवलेली ३८ चित्रं १८२४ साली ब्रिटिश सरकारनं विकत घेतली आणि त्यातून लंडनची नॅशनल गॅलरी सुरू झाली, पॅल मॅल रस्त्यावरच्या त्यांच्याच घरात. साधारण त्याच सुमाराला त्याच पॅल मॅलवर मारेंगोही लोकांना दाखवायला उभा केला होता. एका रस्त्यावर राफाएलचं चित्र आणि बोनापार्टचा घोडा, दोन्ही बघून माणसं चहाला घरी जात असतील.

मग त्याला ईलीजवळच्या न्यू बार्न्सला नेऊन वळू म्हणून ठेवला. अरबी रक्त, वर सम्राटाचा घोडा. पण त्याची नाव घ्यावी अशी शिंगरं काही निपजली नाहीत. १८३१ साली तो मेला. वय ३८ सांगतात. घोड्यात हे वय म्हणजे पणजोबाचं. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथल्या जाणत्यांना घोड्याच्या तोंडात बोट घालून, दात बघून वय सांगताना मी ऐकलंय. तेही एका वयानंतर नुसते मान हलवतात आणि म्हणतात, म्हातारं आहे. मारेंगोचं असंच झालं असणार.

मेल्यावर त्याची हाडं साफ करून लंडनमध्ये सांगाडा जोडला. तो आधी युनायटेड सर्व्हिसच्या संग्रहालयात होता आणि तिथून आजच्या जागी आला. पण सांगाडा पुरा नाही. दोन खूर नाहीत. एका खुराला चांदीचं झाकण बसवून अँगरस्टीननं तपकिरीची डबी केली आणि गार्ड्सच्या अधिकाऱ्यांना भेट दिली. ती सेंट जेम्स राजवाड्यात पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांच्या मेजावर असते. जेवणं झाली की तपकीर फिरायची. दुसरा खूर घराण्यातच राहिला आणि पिढ्या गेल्या. अलीकडच्या काही वर्षांत तो सापडला तो सॉमरसेटच्या एका घरात, स्वयंपाकघरातल्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत! आपल्याकडं ज्या खणात रबरबँड, जुन्या किल्ल्या आणि लाइटची बिलं असतात, त्या खणात ऑस्टरलिट्झचा खूर.

खुराचं काय करायचं हे त्या त्या समाजाच्या स्वभावावर असतं. आषाढीच्या वारीत रिंगण होतं तेव्हा दोन घोडे धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नसतं, कारण त्यावर माउली बसलेत. हे घोडे बेळगावकडच्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतात. घोडा रिंगणातून निघून गेला की लोक वाकून त्याच्या टापांखालची माती उचलतात आणि कपाळाला लावतात. खूर घोड्याकडेच राहतो. मला ही व्यवस्था जास्त सुसंस्कृत वाटते. पक्षपात असेल तर असो.

आता त्याच संध्याकाळी वॉटर्लूच्या दुसऱ्या अंगाला उभा असलेला घोडा. नाव कोपनहेगन, रंग तांबूस, जन्म १८०८. त्याची आई लेडी कॅथरीन १८०७ च्या कोपनहेगनच्या वेढ्यात इंग्रज सेनानीच्या स्वारीत होती आणि गाभण होती, म्हणून पोराचं नाव कोपनहेगन. बापाकडून एक्लिप्स या दंतकथा झालेल्या शर्यतीच्या घोड्याचं रक्त. शर्यतीत मात्र यानं फार दिवे लावले नाहीत. हातोहाती फिरत तो स्पेनच्या मोहिमेत पोचला आणि १८१३ मध्ये आर्थर वेलस्लीनं, म्हणजे पुढं वॉटर्लू जिंकणाऱ्या इंग्रज सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टननं, त्याला विकत घेतलं.

वॉटर्लूच्या आदल्या दोन दिवसांत जवळच्या कात्र ब्राच्या लढाईत फ्रेंच भालाईत वेलिंग्टनच्या पाठी लागले होते. समोर खंदक, त्यात स्कॉटिश हायलँडरांची पलटण. वेलिंग्टननं शिपायांना खाली पडा म्हणून ओरडून सांगितलं आणि कोपनहेगननं त्यांच्या डोक्यांवरून, संगिनींवरून उडी मारली. अठरा तारखेला तर हा घोडा पहाटेपासून रात्रीपर्यंत, पंधरा-सोळा तास, धन्याला पाठीवर घेऊन होता. रात्री वेलिंग्टन उतरला आणि त्याच्या पुठ्ठ्यावर शाबासकीची थाप मारली. घोड्यानं अशी लाथ झाडली की थोडक्यात निभावलं. दिवसभर तोफांच्या माऱ्यात केसाला धक्का न लागलेला ड्यूक घरच्या लाथेनं गेला असता. घोड्याची बाजू मला पटते. एवढ्या वेळानं उतरलात, आता थापा कसल्या मारता?

वेलिंग्टन म्हटलं की आपल्याला वॉटर्लू उशिरा आठवतं. आपला वेलिंग्टन नुसता वेलस्ली असतो. १८०३ च्या एप्रिलात दुसऱ्या बाजीरावाला गादीवर परत बसवायला हाच माणूस ३२ तासांत ६० मैल घोडी दामटत पुण्यात आला. आणि त्याच वर्षी २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. शिंदे-भोसल्यांची फौज आडवी पसरलेली, कवायती कंपू हॅनोवरच्या पोलमनच्या हुकमाखाली, तोफा शंभराच्या घरात. वेलस्लीला नदी ओलांडायची होती आणि वाटाडे शपथेवर सांगत होते, इथं उतार नाही. त्यानं दुर्बिणीतून पाहिलं. अलीकडं पिंपळगाव, पलीकडं वरुड, दोन गावं समोरासमोर. त्यानं हिशेब केला की दोन गावं अशी नदीच्या दोन्ही काठांवर वसलीत त्याअर्थी माणसं इकडून तिकडं जात असणारच, मग उतार असलाच पाहिजे. होता. तिथून फौज उतरली. उतरतानाच शेजारच्या स्वाराचं मुंडकं तोफगोळ्यानं उडवलं. पुढं म्हातारपणी कुणी विचारलं, तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर वॉटर्लूचा विजेता एका शब्दात म्हणाला, असई.

त्या दिवशी त्याच्याखाली दोन घोडे पडले. पहिला कुमैत, म्हणजे काळपट तांबडा, गोळी लागून. दुसरा अरबी, नाव डायोमेड. हा कर्नल ॲस्टन नावाच्या मित्राचा घोडा. ॲस्टन १७९८ साली द्वंद्वयुद्धात जखमी होऊन मेला आणि जाताना घोडा वेलस्लीला देऊन गेला. असईला मराठी गोलंदाजांनी एक डाव टाकला होता. मेल्याचं सोंग घेऊन तोफांपाशी पडून राहिले आणि इंग्रज पुढं गेल्यावर उठून त्यांच्या पाठीवर तोफा वळवल्या. त्या तोफा परत घ्यायला वेलस्ली जातीनं मागं फिरला, त्या धुमाळीत डायोमेडच्या अंगात भाला घुसला.

तो भाला कुणाचा? आम्हा मंडळींना चटकन म्हणावंसं वाटतं, आपला. पण शिंद्यांच्या कवायती पलटणींत अवध-बिहारकडचे शिपाई भरलेले होते. पुढं हाच प्रदेश इंग्रजांच्या बंगाल फौजेला माणसं पुरवत होता. तेव्हा भाला शिंद्यांच्या सरकारचा म्हणावा, हात कुणाचाही असेल. त्या हाताचं नाव कुठल्याही कागदात नाही. घोड्याचं मात्र आहे.

लढाईनंतर थोड्याच दिवसांनी वेलस्लीनं मित्र जॉन माल्कमला पत्र लिहिलं. त्यात घोड्यांबद्दलचा मजकूर दुकानदाराला धाडलेल्या चिठ्ठीसारखा आहे. कुमैत गोळीनं गेला, डायोमेडला भाला लागला, आता माझ्याकडं पुरेशी सवारी नाही, तो सब्जा अरबी मला देशील का? आणि दोन चांगली खोगिरं, लगाम बघ. बस. स्वतःच्या बाजूची हजार दीड हजार माणसं कामी आलेल्या वा जखमी झालेल्या लढाईनंतर घोड्यासाठी कोण रडतो? हा वेलस्ली चौतीस वर्षांचा होता आणि घोडा म्हणजे कामाची वस्तू, संपली की दुसरी मागवायची, असाच त्याचा व्यवहार होता.

कोपनहेगनच्या बाबतीत हा माणूस बदलला. पंधरा वर्षांत काय झालं हे मला सांगता यायचं नाही. वॉटर्लूनंतर राष्ट्रानं वेलिंग्टनला हॅम्पशायरमधली स्ट्रॅटफिल्ड सेची जहागीर घेऊन दिली, तिथं घोडा पेन्शनीत आला. त्याला केक आणि गोड बन आवडू लागले. चंदी तो आडवा होऊन खायचा. पाहुण्यांच्या मुलांना पाठीवर बसवू द्यायचा. डचेसनं त्याच्या केसांचं कंकण करून हातात घातलं होतं. १२ फेब्रुवारी १८३६ ला, अठ्ठाविसाव्या वर्षी, तो मेला. तेव्हा त्याला लष्करी इतमामानं आवारातच पुरलं.

पुरताना ड्यूकच्या लक्षात आलं की एक खूर कापून नेलाय. तो इतका संतापला की घरच्यांनी असा राग क्वचित पाहिला होता. खूर कापणारा आवारातलाच माणूस होता, आठवण म्हणून ठेवावा एवढाच त्याचा हेतू. पुढं ड्यूकच्या पश्चात तो खूर घरी परत आला आणि दुसऱ्या ड्यूकनं त्याची दौत करवली. म्हणजे शेवटी दोन्ही घोड्यांचे खूर मेजावरच आले, एकात तपकीर, एकात शाई. थोरल्या ड्यूकला हे पाहायला लागलं नाही हे बरं झालं.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते. मारेंगोचा सांगाडा तोवर लंडनच्या संग्रहालयात उभा होता. त्या लोकांना कल्पना सुचली की शेजारी कोपनहेगनचा सांगाडा उभा केला तर काय बहार येईल. एकीकडं हरलेल्याचा घोडा, एकीकडं जिंकलेल्याचा. त्यांनी थोरल्या ड्यूकला विचारलं, उकरायची परवानगी द्याल का? ड्यूकनं नकार दिला. कारण दिलं ते असं: नेमका कुठं पुरलाय ते मला आता आठवत नाही.

ज्या माणसानं परक्या मुलुखात, परकी भाषा बोलणाऱ्या वाटाड्यांवर विश्वास न ठेवता, दोन गावांच्या नुसत्या बसण्यावरून नदीचा उतार ओळखला, त्याला आपल्याच आवारात, लष्करी सलामी देऊन पुरलेल्या घोड्याची जागा आठवेना! जमिनीची जाण हीच तर या माणसाची खरी ताकद. टेकडी कुठं उतरते, वाट कुठं वळते, फौज कुठं लपेल. साफ खोटं बोलला. मला वेलिंग्टनबद्दल प्रेम असायचं कारण नाही. असई, अडगाव, गाविलगड, त्यानंतरचे तह, हा हिशेब आमच्या बाजूनं तोट्याचाच आहे. पण हे खोटं मला फार आवडतं. लढाया जिंकून मिळालेला मान त्यानं इथं एका घोड्यासाठी खर्चला. ड्यूक म्हणतो आठवत नाही, तर पुढं कोण विचारणार?

नेपोलियनला अशी सोय नव्हती. सेंट हेलेनावर कैदेत तो १८२१ मध्ये वारला तेव्हा त्याचा घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात होता. जिंकलेला माणूस आपला घोडा झाकून ठेवू शकतो. हरलेल्याचा घोडा जो पकडेल त्याच्या मर्जीनं उभा राहतो.

बाकीच्यांचं काय झालं ते फार लांबवत नाही. वॉटर्लूला हजारो घोडे मेले. १८२२ च्या इंग्रजी वृत्तपत्रांत बातमी होती की लाइपझिग, ऑस्टरलिट्झ, वॉटर्लूच्या रणांगणांवरून माणसांची नि घोड्यांची हाडं गोळा करून हल बंदरात उतरवतात आणि यॉर्कशायरच्या गिरण्यांत दळून शेताला खत म्हणून घालतात. मराठी फौजेत हिशेब आणखी उघडा होता. बारगिराचा घोडा सरकारचा. मेला तर पागेतून दुसरा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. तो मेला की माणूस पायउतार, आणि घरी चूल थंड. म्हणून शिलेदार घोडा जपून लढायचा आणि त्याबद्दल त्याला नावं ठेवणारे इतिहासकार कमी नाहीत. त्यांनी एकदा स्वतःच्या पैशानं घोडा घेऊन लढायला जावं.

अमेरिकेतही हाच खेळ झाला. तिथल्या यादवी युद्धातल्या जनरल लीचा घोडा ट्रॅव्हलर १८७१ मध्ये खिळा रुतून धनुर्वातानं मेला. नंतर हाडं उकरून कॉलेजात मांडली, तर पोरं परीक्षेत यश मिळावं म्हणून त्या हाडांवर आपली आद्याक्षरं कोरायची. शेवटी १९७१ ला त्याला परत पुरलं. सुटला.

राहता राहिला नेपोलियनचा आणखी एक घोडा, विझिर. उस्मानी सुलतानानं भेट दिलेला, एल्बा बेटावर हद्दपारीत धन्याबरोबर गेलेला, १८२६ ला मेलेला. याच्या ओळखीबद्दल शंका नाही, मांडीवर मुकुट आणि एन अक्षराचा डाग आहे. त्याचं कातडं भरून ठेवलं, मग बोनापार्टच्या आठवणींवर सरकारची वक्रदृष्टी असलेल्या दिवसांत तो गुपचूप इंग्लंडला नेला. काही वर्षं मँचेस्टरच्या संग्रहालयात होता. १८६८ ला फ्रान्सला परतला. आज तो पॅरिसमध्ये आँव्हालिदच्या लष्करी संग्रहालयात आहे. कातडं भेगाळलं होतं, ते अलीकडं लोकवर्गणीतून दुरुस्त केलं.

आँव्हालिदच्याच घुमटाखाली नेपोलियनची कबर आहे. २०२१ मध्ये त्याच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली, तेव्हा पास्काल काँव्हेर या कलाकारानं त्या कबरीच्या वर एक घोड्याचा सांगाडा टांगला. बरीच बोंबाबोंब झाली, पवित्र जागेचा अपमान वगैरे. हाडं खरी नव्हती. चेल्सीच्या मारेंगोचं माप घेऊन कृत्रिम द्रव्यातून घडवलेली नक्कल होती ती. म्हणजे पागेच्या वहीत ज्याचं नाव नाही, त्याची प्रतिकृती धन्याच्या डोक्यावर लोंबत होती, आणि ज्याच्या मांडीवर धन्याचं अक्षर आहे तो विझिर त्याच आवारात, चार दालनं ओलांडून, भुसा भरलेल्या पायांवर उभा होता. त्याला वर टांगायचं कुणाला सुचलं नाही, हे त्याचं नशीब.